पान एक्केचाळीस

'बिफोर यू कॅन से जॅक रॉबिन्सन' एवढं म्हणायला जिफी सरांना पावणेचार मिनिटं लागली. मास्तरीणबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, ती भिंतीवरच्या घड्याळावर मोजली. या वाक्प्रचाराचा अर्थ 'हां हां म्हणता', आणि सरांनी तो चाळीस वर्षं पोरांकडून घोटून घेतला होता, त्यामुळे त्यातला विनोद दोघांच्याही ध्यानात आला. हसलं मात्र कोणी नाही. बाईंनी रुमालाने त्यांच्या ओठाचा कोपरा टिपला.

"काल साडेचार लागली होती," त्या म्हणाल्या. "म्हणा पुन्हा."

एकतीस तारखेला सात दिवस उरले होते. तेवढ्यात सरांना बोलतं करायचं, नाहीतर पहिल्या तारखेला मुलगा त्यांना घेऊन जाणार. हे सगळं कुठून कुठे आलं ते सांगायचं तर थोडं मागे जायला हवं, आणि सरांच्या गोष्टीत मागे जाणं म्हणजे धावत्या माणसाच्या मागे जाणं.

सर जन्मालासुद्धा दोन महिने आधी आले, असं त्यांची आई सांगायची. चहा उभ्याने, जेवण पाच मिनिटांत, आणि रस्त्यात बायकोच्या कायम वीस पावलं पुढे. शाळेत इंग्रजी शिकवायचे. नव्या वर्गाचा पहिला तास कोणताही असो, सर आपली वही उघडायचे ती पान एक्केचाळीसवर. झटपट घडणाऱ्या गोष्टींचे नऊ वाक्प्रचार, लाल शाईत, शेजारी मराठी. 'इन अ जिफी'पासून सुरुवात, म्हणून पोरांनी नाव ठेवलं जिफी सर. कुणी वाक्प्रचार भलत्या जागी वापरला की वहीवर बोटभर लांबीची लाल फुली बसायची. "वाक्प्रचार म्हणजे काय चप्पल आहे, कुणाचीही कुणी पायात घालायला?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं.

मास्तरीणबाई सातवी शिकलेल्या. शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात कॉलरचं काम त्यांच्याकडे होतं. कॉलर आधी उलटी शिवायची, मग पलटायची, आणि बोथट काडीने आतून टोक हळूहळू बाहेर काढायचं. घाई केली की काडी कापडातून आरपार. बाईंच्या हातची एक कॉलर फाटल्याचं कारखान्यात कुणाला आठवत नव्हतं. घरी मात्र सर त्यांना गोगलगाय म्हणायचे. "हळू शिवलं की उसवावं लागत नाही," असं बाई म्हणाल्या की सरांचं उत्तर तयार असायचं, "सावकाश हा शब्द आळशी माणसांनी शोधून काढलाय." अडतीस वर्षांच्या संसारात त्यांनी बायकोला नावाने हाक मारली नाही. 'अगं, चल लवकर' हीच हाक होती.

मग सात महिन्यांपूर्वी, दाढी करता करता, अर्धा गाल साबणाचा राहिला तेवढ्यात, उजवं अंग गेलं आणि बोलणं गेलं. पाय काठीच्या आधाराने परत आला. हात थोडाफार आला. शब्द काही परतायचं नाव घेईनात. समोर पाण्याचा पेला धरून "हे काय?" विचारलं तर सर त्याच्याकडे नुसते बघत राहायचे. नाव ओठांपर्यंत आल्याचं दिसायचं, आणि मग चेहरा मिटायचा. बाईंना ते बघवत नसे.

आठवड्यातून एकदा बोलणं शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाई यायच्या. वयाने लहान, पण चिकाटी म्हाताऱ्यासारखी. एकदा त्यांनी सहज विचारलं, "काकू, सर वर्गात रोज म्हणायचे असं काही आहे?" बाईंनी वही आणून दिली. डॉक्टरीणबाईंनी सुरुवात केली, "इन अ..." आणि सर म्हणाले, "जिफी." मग नळ सुटावा तशी सगळी यादी बाहेर पडली. इन नो टाइम, इन अ फ्लॅश, इन द ब्लिंक ऑफ ॲन आय, ॲट द ड्रॉप ऑफ अ हॅट, थेट शेवटपर्यंत. संपल्यावर सर लहान मुलासारखे रडले. बाईही रडल्या.

"हे रुळावरून जातंय, काकू," डॉक्टरीणबाईंनी समजावलं. "ओळीने म्हणतील घडाघडा. पण त्यातलं एकच उचलून, मनात आणून म्हणायला सांगा, गाडी अडेल. आपल्याला त्यांना रुळावरून खाली उतरवायचंय. आणि एक लक्षात ठेवा, त्यांचा शब्द तुम्ही पुरा करायचा नाही. कितीही वेळ लागू दे."

वेळ द्यायला बाई तयारच होत्या. वेळ देणं एवढं एकच तर त्यांना येत होतं. पण मधल्या काळात ती दुपार आली.

बाई कारखान्यात होत्या. सर पलंग आणि कपाट यांच्या मधे घसरून पडले आणि अडकले. फोन खिशात होता. डाव्या अंगठ्याने त्यांनी कारखान्याचा नंबर लावला. सुपरवायझरबाईंनी उचलला, दोनदा हॅलो म्हटलं, पलीकडून नुसता श्वास ऐकू आला, ठेवून दिला. असं तीन वेळा. मास्तरीणबाई त्या टेबलापासून दहा पावलांवर कॉलर पलटत बसल्या होत्या. त्या घरी येईपर्यंत सर दोन तास तसेच पडून होते.

दुसऱ्या सकाळी मुलगा आला. तो दूरच्या शहरात नोकरीला. मुलगा वाईट नव्हता, हे बाई शपथेवर सांगतील. घाबरला होता, आणि घाबरला की तो बापासारखा भराभर निर्णय घ्यायचा. एका देखभाल केंद्रात जागा धरून ठेवूनच आला होता.

"आई, तिथे चोवीस तास माणसं असतात."

"इथे मी आहे."

"तू सहा तास नसतेस. मग काम सोड."

"काम सोडलं तर या घरात एक होता त्याच्या जागी दोन आजारी होतील," बाई म्हणाल्या. "तिथे मी कुणीतरी आहे रे. ते सोडून मी नुसती वाट बघत बसू?"

मुलाने कपाळ चोळलं. "बरं. पहिल्या तारखेपर्यंत जागा राखून आहे. एकतीसला मी येतो. मी सांगेन तेव्हा बाबांनी एकट्याने फोन लावायचा आणि तुला बोलवायचं. नुसता श्वास नाही, शब्द. जमलं तर जागा सोडून देतो. नाही जमलं तर मी नेतो त्यांना, आई. परत त्या फटीत पडलेले मला बघायचे नाहीत."

सरांनी हे सगळं ऐकलं. त्यांना नाही म्हणता येत नव्हतं, पण डाव्या हाताने त्यांनी पलंगाची कड अशी धरली की बोटं पांढरी पडली. बाईंनी ती बोटं बघितली आणि तिथेच ठरवलं, हे होणार नाही. एकोणीस दिवस होते.

संध्याकाळी त्यांनी एक पुठ्ठा घेतला. युक्ती साधी होती. नऊ वाक्प्रचार सरांना येतात, माणसाच्या गरजाही साधारण नऊच असतात. 'इन अ जिफी' म्हणजे पाणी. 'इन नो टाइम' म्हणजे चहा. 'इन अ फ्लॅश' म्हणजे बाथरूम. 'लाइक अ शॉट' म्हणजे पडलो. कुठल्याचा अर्थ काय याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. मोठ्या अक्षरात लिहून पुठ्ठा पलंगासमोर लावला आणि एवढं सोपं आधी कसं सुचलं नाही म्हणून स्वतःवरच खूश झाल्या.

सरांनी पुठ्ठा वाचला. मग टेबलाकडे हात केला. पेन नको, चष्मा नको. पेन्सिल. निळी नको. लाल. डाव्या हातात लाल पेन्सिल धरून, उभं राहून, काठी काखेत दाबून, त्यांनी एकेका ओळीवर फुली मारली. नऊच्या नऊ. खाली शून्य काढलं आणि त्याला गोल केला. मग भिंतीकडे तोंड करून झोपले.

सकाळी बाईंनी पेला पुढे धरला. "म्हणा, इन अ जिफी. की लगेच देते." सरांनी तोंड फिरवलं. दुपार झाली, घसा कोरडा पडलेला दिसत होता, पण पाण्याला जिफी म्हणतील तर ते सर कसले? शेवटी बाईंनीच पेला ओठांना लावला, आणि मग मात्र त्यांचा बांध फुटला.

"पडून राहा तिकडे केंद्रात! तुमचं तत्त्व घ्या उशाला आणि फुल्या मारा भिंतीवर!"

स्वयंपाकघरात जाऊन त्या मनसोक्त रडल्या, आणि रडून झाल्यावर पुठ्ठा फाडायला बाहेर आल्या. फाडता फाडता हात थांबला. फुल्या सरळ होत्या. डाव्या हाताच्या असूनही बोटभर लांब, पूर्वीसारख्याच. सात महिन्यांत या माणसाने पहिल्यांदा काहीतरी तपासलं होतं. ज्याला चूक दिसते त्याला बरोबर काय तेही ठाऊक असणार. म्हणजे आत सर आहेत, अख्खेच्या अख्खे आहेत. फक्त त्यांच्याकडे चुकीच्या दाराने जाऊन चालणार नाही.

बाईंनी वही पिशवीत टाकली आणि वयाच्या एकसष्टाव्या वर्षी इंग्रजी शिकायला कारखान्यात गेल्या.

शिकवायला कोण, तर कटिंगमास्तर. पन्नाशीचा माणूस, एकेकाळी जिफी सरांच्याच वर्गात होता.

"वहिनी, जिफी म्हणजे आपण 'आलोच' म्हणतो ना, तसं," कात्री खाली ठेवून तो सांगू लागला. "बारीकसारीक कामाला. टोपीवालं वेगळं. टोपी खाली पडायचा अवकाश, माणूस निघालाच! मागचापुढचा विचार नाही, हातातलं टाकून. आणि ब्लिंकवालं म्हणजे डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच. ते कुणी करत नाही, होऊन जातं."

"तुम्हाला तर छान येतंय की!"

"येतंय कसलं. तीन वर्षं त्याच वर्गात होतो. तिसऱ्या वर्षी तिथल्या भिंतींनाही पाठ झालं असेल."

सुपरवायझरबाईंना ते फोन ठेवलेले डाचत होते, त्यामुळे कामात कुजबूज चालली तरी त्यांनी कानाडोळा केला. हां हां म्हणता सगळ्या मशिनींवर वाक्प्रचार सुरू झाले. काजं करणारी म्हणाली, जेवणाची सुट्टी इन द ब्लिंक ऑफ ॲन आय संपते. बटणवाली म्हणाली, आपल्या बाई चिडतात ॲट द ड्रॉप ऑफ अ हॅट. यावर सुपरवायझरबाई लगेच चिडल्या आणि सगळ्यांना उदाहरण पटलं. इस्त्रीवालीने तर कमाल केली. "माझ्या सासूबाई येतात इन टू शेक्स ऑफ अ लॅम्ब्स टेल, कोकराने दोनदा शेपूट हलवावं एवढ्यात. जातात मात्र कोकराचा बोकड झाल्यावर."

रोज संध्याकाळी बाई ही वाक्यं सरांना ऐकवायच्या. सर डोळे मिटून, मान कलती करून ऐकायचे. बरोबर असेल तर डावा अंगठा वर. चूक असेल तर हवेत फुली. सासूबाईंच्या वाक्याला ते हसले. खोकल्यासारखं, वाकडं, पण हसले. बाईंनी तोंड फिरवून डोळे पुसले आणि पुढचं वाक्य विचारलं.

मग खरं काम सुरू झालं. गरजेला वाक्प्रचार चिकटवायचा नाही, वाक्प्रचाराला शोभेल असा प्रश्न विचारायचा.

"अहो, पाणी हवंय?"

मान हलली.

"कधी आणू?"

दोन मिनिटं गेली. भुवया वर गेल्या, गळ्याची शीर फुगली. बाई पेला धरून उभ्या. "इन," सर म्हणाले. "अ." आणि मग, "जिफी."

याला फुली मारायची त्यांची काय बिशाद होती! पाणी जिफीत आलं. असं दिवसात पन्नास वेळा. बाई आपलं "सावकाश, सावकाश," म्हणत राहायच्या आणि सर पूर्वीच्याच सवयीने त्या शब्दाला नाक मुरडायचे. नवव्या दिवशी बाई दाराआड गेल्या आणि तिथून विचारलं, "पाणी इन अ जिफी, बरं. पण मी काय करू?" बराच वेळ काही नाही. मग आतून आवाज आला.

"ये."

डॉक्टरीणबाईंना हे सांगितलं तेव्हा त्या खुर्चीत ताठ बसल्या. "काकू, हा शब्द यादीतला नाही. हा त्यांचा स्वतःचा आहे."

आता दोन वाक्यं पक्की करायची होती. पडलो, दुखतंय, घाबरलो तर, 'ॲट द ड्रॉप ऑफ अ हॅट, ये.' साधंसुधं काही हवं असलं तर, 'इन अ जिफी, ये.' जॅक रॉबिन्सन आपला जीभ वळवायच्या व्यायामाला, कारण तो सगळ्यांत लांब. स्वयंपाकघरातून पलंगापर्यंत फोन, मग जिन्यातून, मग कारखान्यातून. कधी जमायचं, कधी मधेच रुळावर चढून सगळी यादी धाडधाड निघून जायची आणि सर फोन उशीवर फेकायचे. बाई तो उचलून पुन्हा हातात द्यायच्या. सुपरवायझरबाईंनी टेबलावर चिठ्ठी चिकटवली. 'नुसता श्वास ऐकू आला तरी फोन ठेवायचा नाही.'

तीस तारखेला दहापैकी सहा वेळा जमलं. दहापैकी सहाला सर शाळेत पास करायचे, पण मुलाची परीक्षा एकाच प्रश्नाची होती.

एकतीसला सकाळी मुलगा आला. केंद्राचा कागद त्याच्या खिशातून डोकावत होता. त्याने बाबांच्या पाया पडल्यासारखं वाकून त्यांची चप्पल सरळ केली, पाण्याचा पेला भरून उशाशी ठेवला आणि समोर खुर्ची ओढून बसला. सरांनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी पिशवी उचलली आणि त्या कामावर गेल्या. ठरलंच होतं तसं.

अकरा वाजून दहा मिनिटांनी टेबलावरचा फोन वाजला. सुपरवायझरबाईंनी हात वर केला आणि एकेक मशीन बंद होत गेली. इतकी शांतता त्या कारखान्यात सुट्टीच्या दिवशीच असेल. बाईंनी फोन कानाला लावला.

श्वास. त्या दुपारीही असाच आला असणार.

"मी ऐकतेय," बाई म्हणाल्या, आणि गप्प झाल्या.

"ॲट," सर म्हणाले. "द." मग थांबले. बाई वाट बघत राहिल्या. पलीकडून नकाराचा एक छोटा आवाज आला, "ना." पुन्हा श्वास. "इन... अ..." आणि पुन्हा, "ना."

काय चाललंय ते बाईंना लख्ख कळलं. आज सर पडले नव्हते. काही दुखत नव्हतं. पेला भरलेला होता आणि मुलगा समोर बसला होता. मग टोपी पाडायची कशाला आणि जिफी तरी कशाला? जिथे घाई नाही तिथे घाईचा वाक्प्रचार हा माणूस वापरणार नाही, उद्या केंद्रात जावं लागलं तरी. आणि पान एक्केचाळीसवर नऊच्या नऊ घाईचे. घाई नसताना म्हणायचं असं त्यांच्याजवळ काही नव्हतंच, आयुष्यात कधी लागलं नव्हतं.

म्हणा हो, आजचा एक दिवस चुकीचं म्हणा! हे ओठांवर आलं होतं. बाईंनी ते दाताखाली धरलं. घड्याळाचा काटा एक फेरी फिरला, दुसरी फिरली. कटिंगमास्तर कात्री छातीशी धरून उभा होता. काजंवाली तोंडावर हात ठेवून. तिसरी फेरी सुरू झाली.

"सा," सर म्हणाले.

बाईंना वाटलं खोकले.

"सा... व..." गळ्यातून काहीतरी ओढून काढल्यासारखा आवाज, मग पुन्हा नुसता श्वास. बाईंनी फोन दोन्ही हातांनी धरला. पुढचा शब्द त्यांना कळला होता, रोज पन्नास वेळा तो त्याच म्हणत होत्या, आणि तो पुरा करायचा नाही यासाठी लागली तेवढी ताकद त्यांना आजवर कशालाच लागली नव्हती.

"सावकाश," सर म्हणाले. "सावकाश ये."

नंतर मुलाचा आवाज आला, आणि तो लहानपणी तापातून उठल्यावर यायचा तसा होता. "आई? ऐकलंस का? बाबा म्हणाले..."

"ऐकलं."

"तो कागद मी... ते जाऊ दे. तू कधी येतेस?"

"सांगितलंय की त्यांनी," बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

सगळ्या जणी एकदम ओरडल्या, "काय म्हणाले?" बाईंनी तोंड उघडलं, पण आता त्यांचाच शब्द अडला. कोणी मधे बोललं नाही. एवढ्या दिवसांत सगळ्यांना तेवढं शिकवून झालं होतं. अखेर बाईंनी सांगितलं.

"मग जा ना, वहिनी!" कटिंगमास्तर म्हणाला. "धावत जा! पिशवी मी आणतो!"

"नाही," बाई म्हणाल्या. "चार कॉलरी राहिल्यात."

त्या आपल्या मशीनवर जाऊन बसल्या. अडतीस वर्षांत आज पहिल्यांदा कुणी रस्त्याच्या टोकाला उभं राहून त्यांना घाई करत नव्हतं. पण डोळ्यांत पाणी इतकं की सुईत दोरा जाईना. कटिंगमास्तरने मुकाट्याने तो ओवून दिला, आणि बाईंनी पहिली कॉलर पलटून तिचं टोक काढायला घेतलं.